कोपरीकरांनो, दिल्लीची थंडी थांबणार नाही (अफगाणिस्तानातून दिल्लीत आलेल्या शीख कुटुंबांसाठी, ब्लँकेटचं पुन्हा एकदा आवाहन)

नमस्कार मंडळी, ऑफिसच्या डब्याच्या सुट्टीत टाइप करतोय, चुका पोटात घाला.

जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आठवतोय ना? रात्री दोनला आपला टेम्पो निघाला होता. किराणावाल्या काकांनी गोडाऊनची चावीच हातात दिली, म्हणाले काय लागेल ते न्या हिशोब नंतर बघू, आणि तो हिशोब त्यांनी आजतागायत मागितला नाही. पोळीभाजीवाल्या ताईंनी नऊशे चपात्या लाटल्या, त्यातल्या शेवटच्या शंभर तर हात भाजलेला असताना, फडकं गुंडाळून! असं आपलं मंडळ आहे, उगाच नाही सांगत.

आणि त्याच मंडळात गेल्या वर्षी अफगाणिस्तानातून आलेल्या कुटुंबांसाठी हाक दिली तर ग्रुपवर ४१२ माणसं, हात जोडलेले इमोजी ऐंशी, ब्लँकेटं अकरा. एका पिशवीत एका पायाचा बूट आणि मिक्सरचं फुटकं भांडं निघालं. भांडं अजून मंडळात पडलंय, ज्याचं असेल त्याने न्यावं. डेकोरेशनची वर्गणी मात्र दोन दिवसांत जमते, असो.

"ते शीख, दिल्लीत राहतात, आपला काय संबंध" असं एकाने विचारलं. आपल्या संत नामदेवांची ६१ पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत. मार्च २०२० मध्ये काबूलच्या गुरुद्वारात हल्ला झाला, २५ माणसं गेली, पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला तालिबान काबूलमध्ये शिरले, आणि त्याच महिन्यात ही माणसं ग्रंथसाहिबच्या ३ प्रती डोक्यावर घेऊन विमानात चढली. म्हणजे नामदेवही त्यांच्यासोबतच निघून आले की! आणि ठाण्याची आपली कोपरी कॉलनी कोणी वसवली, फाळणीत सिंध सोडून आलेल्यांनीच ना, पलीकडे उल्हासनगरला तर लोक अजून कॅम्प नंबर चार, कॅम्प नंबर पाच असाच पत्ता सांगतात.

आपला एक कार्यकर्ता दिल्लीत टिळक नगरला, या कुटुंबांकडे जाऊन आला. काबूलला ज्याचं जडीबुटीचं दुकान होतं तो माणूस आता हातगाडीवर मोजे विकतो. पोराला शाळेत घालायला गेला तर दाखला मागितला, दाखला राहिला काबूलला. सीएएची (शेजारच्या देशांतून आलेल्या हिंदू, शीख वगैरेंना नागरिकत्व देणारा कायदा) तारीख ३१ डिसेंबर २०१४, तोवर आलेल्यांनाच तो लागू, हे आले त्यानंतर, त्यामुळे त्यातही बसत नाहीत. घरात पाच माणसांत दोन रजया.

तर ब्लँकेट (नवीनच), मुलांचे स्वेटर, कानटोप्या, बूट जोडीने, आणि मुलांच्या शाळेच्या फीसाठी जमेल ती रक्कम, क्यूआर ग्रुपवर पिन केलाय, पावती मिळेल, ५ डिसेंबरपर्यंत संध्याकाळी ७ ते ९ मंडळात, जुन्या साड्या नकोत प्लीज. रविवारी पार्सल बांधायला चार पोरं लागतील, मागच्या वेळी मी आणि खजिनदार दोघंच होतो आणि त्यांची कंबर अजून धरलेली आहे.