सोमनाथला जाल तर अहिल्यादेवींच्या मंदिरातही जा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

श्रावण जवळ आला की आपल्या दैनिकात द्वारका-सोमनाथ यात्रेच्या जाहिराती दिसू लागतात. आम्हा तळोदा-शहाद्याकडच्या लोकांना सौराष्ट्र परकं वाटत नाही. सुरतेला सोयरे असतातच, तिथून पुढे निघायचं. पण या सहलींत सोमनाथच्या वाट्याला फार थोडा वेळ येतो. रांग, दर्शन, देवळाच्या आवारातल्या बाणस्तंभापाशी फोटो, की गाडी लगेच दीवकडे. हाकेच्या अंतरावरचं अहिल्यादेवी होळकरांनी बांधलेलं सोमनाथाचं मंदिर न पाहताच कितीतरी लोक परततात. याचं फार वाईट वाटतं.

सोमनाथाची कथा आपण ऐकलेली असते. दक्षाने आपल्या सत्तावीस मुली चंद्राला, म्हणजे सोमाला, दिल्या. त्याचा सगळा जीव मात्र एकट्या रोहिणीवर. बाकीच्यांनी बापाकडे गाऱ्हाणं नेलं. दक्षाने समजावूनही जावई ऐकेना, तेव्हा क्षयाचा शाप मिळाला. प्रभासक्षेत्री, म्हणजे आजच्या सोमनाथला, येऊन चंद्राने महादेवाची आराधना केली आणि उःशाप मिळाला तो असा: पंधरा दिवस झिजायचं, पंधरा दिवस वाढायचं. या कथेतला महादेवाचा न्याय मला फार मोठा वाटतो. त्याने चंद्राला वाचवलं, पण त्या मुलींचं गाऱ्हाणं खोटं ठरवलं नाही.

सोमनाथच्या मूळ देवळाचा इतिहासही झिजण्या-वाढण्याचाच. १०२६ साली गझनीच्या महमुदाने ते लुटलं, बाराव्या शतकात कुमारपाल राजाने पुन्हा उभारलं, पुढेही विध्वंस होत राहिला. मूळ जागी पूजाअर्चा होईल अशी स्थिती उरली नव्हती, तेव्हा १७८३मध्ये अहिल्यादेवींनी जवळच वेगळं मंदिर बांधून पिंडीची स्थापना केली. तिथला गाभारा जमिनीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. सरदार पटेलांनी नोव्हेंबर १९४७मध्ये जीर्णोद्धाराचा निश्चय केला, तेव्हा केंद्रीय मंत्री असलेले आपले काकासाहेब गाडगीळही त्यांच्यासोबत होते. ११ मे १९५१ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते नव्या मंदिरात प्राणप्रतिष्ठा झाली. त्याआधीची १६८ वर्षं सोमनाथाच्या भक्तांना आधार होता तो अहिल्यादेवींच्या या मंदिराचा.

आणि हे आपल्या खानदेशाला तर ठाऊक असायलाच हवं. अहिल्यादेवींचे सासरे मल्हारराव लहानाचे मोठे झाले ते तळोद्याला, मामा भोजराज बारगळ यांच्या घरी. मामांची मुलगी गौतमाबाई हीच पुढे त्यांची पत्नी झाली. म्हणजे तळोद्याच्या लेकीच्या सुनेनं सोमनाथाची पूजा जागती ठेवली! आमच्या गावची माणसं तिथवर जातात आणि याच मंदिरावरून पुढे निघून जातात, हे मनाला लागतं.

सहल काढणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे, सोमनाथचा मुक्काम तासाभराने वाढवा. दीव थोडं उशिरा पाहिलं तरी चालेल. जमलं तर प्रभास पाटणचं संग्रहालयही दाखवा, जुन्या मंदिराचे कोरीव दगड तिथे जपून ठेवले आहेत. गाभाऱ्यात उतरताना वयस्कर मंडळींना हात द्यायला सोबत कुणीतरी असू द्या.

आपल्यालाही एक विनंती. यंदाच्या श्रावण पुरवणीत सोमनाथवर लेख येणार असेल, तर अहिल्यादेवींच्या मंदिराचा फोटो छापा आणि त्याच पानावर तळोद्याच्या बारगळ गढीचाही छापा.

आपली,
एक वाचक, तळोदा (जि. नंदुरबार)