कॅमेरेवाले आजोबा

रॉचेस्टर,
१२ नोव्हेंबर २०२३

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

आजोबा गेले, एवढंच फोनवर सांगितलं होतं. बाकीचं बोलू म्हटलं, तर आई मध्येच ‘जेवलीस का’ विचारते आणि माझा धागा तुटतो. म्हणून हे पत्र.

शंभरीला चार महिने कमी होते. तुम्ही ज्यांना ‘तुझे कॅमेरेवाले आजोबा’ म्हणायचात, त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी सहा वर्षं राहिले. भाडं वेळेवर पोहोचलं तर ते खूश. एखादा जुना कॅमेरा घेऊन गेले तर त्याहून खूश.

१९४३ मध्ये, एकोणीस वर्षांचे असताना ते अमेरिकेच्या सैन्यात गेले. शाळेत असल्यापासून डार्करूमचा नाद होता, म्हणून सिग्नल कोअरनं, म्हणजे सैन्याच्या संदेशवहन आणि छायाचित्रणाच्या विभागानं, हातात बंदुकीबरोबर स्पीड ग्राफिक दिला. तो कॅमेरा ग्राफ्लेक्स कंपनीचा, म्हणजे याच गावात बनलेला. ‘मी बेल्जियमला गेलो, पण माझ्या गल्लीतलं यंत्र गळ्यात होतं,’ असं हसून सांगायचे. त्याची एक फिल्म म्हणजे चार बाय पाच इंचांचा ताव, आणि एका होल्डरमध्ये दोनच ताव. दोनदा चाप दाबला की होल्डर बदलायचा. समोर काहीही चाललेलं असो.

१९४४ च्या डिसेंबरात ते आर्डेनच्या जंगलात होते. तिथे जर्मनांशी झालेल्या लढाईत अमेरिकेची सुमारे १९ हजार माणसं गेली. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. थंडीबद्दल मात्र तासन्‌तास बोलायचे. शटरमधलं वंगण घट्ट व्हायचं आणि पाती आळसावायची. कॅमेरा कोटाच्या आत धरावा, तर बाहेर काढल्यावर भिंगावर वाफ. फिल्मचं झाकण झटक्यानं ओढलं की स्थिर विजेची ठिणगी पडून चित्रावर झाडाच्या फांद्यांसारखे व्रण उमटायचे. हे सांगताना ते बोटांनी टेबलावर फांद्या काढून दाखवायचे.

आणि बाबा, मला सगळ्यात चटका लावून गेलं ते हे: काढलेले फोटो त्यांना बघायलाच मिळत नव्हते. फिल्म न धुताच पिशवीत घालायची, सोबत चिठ्ठीवर तारीख, ठिकाण, फोटोतल्या माणसांची नावं लिहायची आणि मागे पाठवून द्यायची. लॅब, सेन्सॉर, मग वॉशिंग्टन. युद्ध संपवून माणूस घरी आला, त्याचे फोटो सरकारकडे राहिले.

१९४४ च्या ‘जीआय बिल’ नावाच्या कायद्यात परतलेल्या सैनिकांच्या धंद्याच्या कर्जालाही सरकारी हमी होती. त्यावर त्यांनी दुकान टाकलं. कोडॅकच्या गावात कॅमेऱ्याचं दुकान म्हणजे सोन्याची खाण असेल, असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. रंगीत फिल्मच्या किमतीतच धुण्याचे पैसे धरलेले असायचे. गिऱ्हाईक रोल थेट कंपनीला पाठवायचं आणि दुकानदार नुसता रोल विकायचा. १९५४ मध्ये मक्तेदारीच्या खटल्यातून हे बंद झालं आणि धुण्याचं काम बाहेरच्यांना मोकळं झालं. आजोबांनी मागच्या खोलीत हायपोचे, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनाचे, टब मांडले ते त्यानंतर. तीन दिवसांत प्रिंट मिळतील, अशी पाटी लावली आणि ती वेळ एकदाही चुकवली नाही म्हणे. गिऱ्हाईक पाकीट उघडेपर्यंत ते काउंटरवरून हलायचे नाहीत. कारण मी विचारलं नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा याच गावात, कोडॅकमध्येच बनला आणि २०१२ मध्ये कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला. आजोबांनी त्याच्या बऱ्याच आधी दुकान विकलं होतं. कुरकुर नाही, काही नाही. घरी बसून लोकांची शटरं दुरुस्त करायचे.

गेल्या वर्षी मी अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे सिग्नल कोअरचे फोटो इंटरनेटवर चाळत बसले होते. फोटोखालच्या मजकुरात कॅमेरामनचं नाव असतं. चौथ्या रात्री आजोबांचं नाव सापडलं. बर्फात बसून डब्यातलं खाणारे दोन शिपाई. लॅपटॉप घेऊन धावत खाली गेले. त्यांनी खिशातलं भिंग काढलं, थेट स्क्रीनला लावलं आणि म्हणाले, ‘नुसते ठिपके दिसतायत.’

दुसऱ्या दिवशी आठ बाय दहाची प्रिंट काढून आणली. खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघितली.

‘डावीकडच्याचा हात हललाय. शटर आखडलं होतं. मला तेव्हाच शंका आली होती.’

अठ्ठ्याहत्तर वर्षं ही शंका मनात धरून बसला होता माणूस! मग खालची दोन नावं मोठ्यानं वाचली, स्पेलिंगसकट, आणि प्रिंट परत पाकिटात घातली. भिंतीवर लावू का, तर नको म्हणाले.

काल दफन झालं. दोन सैनिक आले होते. शवपेटीवरचा झेंडा तेरा घड्या घालून त्रिकोणी केला आणि त्यांच्या लेकीच्या हातात दिला. बिगुल वाजला. नंतर कळलं की बिगुलात इलेक्ट्रॉनिक यंत्र असतं, वाजवणारा नुसता ओठाला लावून उभा राहतो. वाजवणारे पुरेसे मिळत नाहीत म्हणे. आजोबांनी तो बिगुल उघडून बघितल्याशिवाय सोडला नसता.

बाबा, तुमच्या आग्फा क्लिक थ्रीबद्दल त्यांना विचारून ठेवलं होतं. अडकलेल्या शटरमध्ये शिवणयंत्राचं तेल अजिबात घालू नका. तेल पात्यांवर पसरतं, त्यावर धूळ बसते आणि ते आणखी अडकतं. मागच्या लाल खिडकीतून आकडा दिसतोय का, तेवढं बघा. दिसत असेल तर आत रोल आहे. मी डिसेंबरात येतेय, तोवर झाकण उघडू नका.

तुमची,
मुग्धा