कुशीवर उचल घेण्याआधी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

बीड जिल्ह्यातल्या आरोग्य उपकेंद्रांत मी ३१ वर्षे एएनएम (उपकेंद्रातली परिचारिका) म्हणून काम केले. निवृत्तीनंतर धारूर तालुक्यातल्या माझ्या गावीच राहते. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी तांबडं फुटल्यापासून कापूस वेचून आलेली एक मुलगी दारात उभी राहिली. मुलगी म्हणते, कारण तिचे पहिले बाळंतपण माझ्या हातचे. आता ती स्वतः दोन लेकरांची आई आहे. पदराखालच्या प्लास्टिकच्या पिशवीतून तिने एक कागद काढला. "सिस्टर, तेवढं वाचून सांगा. पैसे खरंच भेटतेत का?"

कागद पाचशेच्या स्टॅम्पवरचा आणि सगळा इंग्रजीत. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारलेली. मी दोनदा वाचला. त्यात लिहिले होते की ही बाई स्वखुशीने, केवळ परोपकार म्हणून, एका जोडप्याचे मूल आपल्या पोटात वाढवणार आहे आणि त्याबद्दल तिने कोणताही मोबदला घेतलेला नाही, घेणार नाही. तिला तोंडी मात्र सांगितले होते चार लाख. गर्भ ठेवला की चाळीस हजार उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, बाकीचे बाळ हातात दिल्यावर. सांगणारी बाई शेजारच्या तालुक्यातली, ओळखीतून आलेली. पूर्वी ऊसतोडीच्या टोळ्या जमवायला नवऱ्याला मदत करायची.

हे पत्र लिहिते आहे ते या दोन गोष्टींसाठी. तोंडाने सांगितले चार लाख आणि कागदावर लिहिले शून्य. उद्या पैसे बुडाले तर ती कोणाकडे जाणार? जिथे जाईल तिथे तिच्याच सहीचा कागद तिच्यापुढे धरला जाईल.

आपल्या देशात पैसे घेऊन सरोगेट आई, म्हणजे दुसऱ्याचे मूल पोटात वाढवणारी, होणे कायद्याने बंद आहे. सरोगसी नियमन कायदा २०२१ चा, तो २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्याआधी वीसेक वर्षे हा व्यवहार उघड चालायचा, गुजरातेतले आणंद त्यासाठी जगभर माहीत होते. आता सरोगेट आईचा औषधोपचाराचा खर्च, नियमात बसणारा इतर खर्च आणि ३६ महिन्यांचा आरोग्य विमा, एवढेच जोडप्याने द्यायचे. त्यापलीकडे तिला, तिच्यावर अवलंबून असलेल्यांना किंवा तिच्या वतीने दुसऱ्या कोणाला पैसा देता येत नाही. व्यापारी सरोगसी चालवणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. पैसे देऊन मूल मिळवू पाहणाऱ्या जोडप्यालाही शिक्षा आहे. म्हणजे चार लाखांचा शब्द देणारीला तो कायद्याने पाळताच येणार नाही, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. ठाऊक नसते ते फक्त आमच्या मुलीला.

वयाचेही तेच. गर्भ ठेवण्याच्या दिवशी सरोगेट बाईचे वय २५ ते ३५ च्या आत हवे, तिचे लग्न झालेले हवे, तिला स्वतःचे मूल हवे आणि हे काम तिला आयुष्यात एकदाच करता येते. या मुलीची आई सांगते, १९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ही चार वर्षांची होती, म्हणजे आता पस्तिशी ओलांडलेली. आधार कार्डावर मात्र १ जानेवारी १९९४. आमच्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस १ जानेवारीलाच असतो, त्यात लबाडी नाही, कार्ड काढताना कोणाला तारीख सांगता आली नाही एवढेच. पण त्या तारखेच्या आधाराने कोणी तिला बत्तिशीची ठरवून दवाखान्यात उभी करणार असेल, तर जीव तिचा जाणार आहे.

तिचे दुसरे बाळंतपण सिझर, तिसऱ्या वेळी मूल गेले तेव्हाही सिझर. दोनदा टाके पडलेल्या गर्भपिशवीत पुन्हा गर्भ वाढताना वार (बाळाला नाळेतून पोसणारा गोळा) कधी कधी जुन्या व्रणावरच चिकटून बसते आणि बाळंतपणात सुटत नाही. मग रक्त थांबत नाही, पिशवी काढावी लागते. हे मी पाहिले आहे. कागदात याचा एक शब्द नव्हता. कायदा सांगतो की सगळे धोके बाईला तिला समजणाऱ्या भाषेत समजावून मगच लेखी संमती घ्यावी. आमच्या मुलीला समजते ती मराठी.

तिला पडलेला प्रश्न वेगळाच होता. "माझं ऑपरेशन झालंय सिस्टर, मग दिवस कसे राहतील?" हा प्रश्न अनेकींच्या मनात असतो, म्हणून इथे सांगते. कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनमध्ये नळ्या बंद होतात, पिशवी जिथल्या तिथे असते. सरोगसीत बीज तिचे नसतेच, तिचे बीज वापरायला कायद्याने मनाई आहे. प्रयोगशाळेत तयार झालेला गर्भ थेट पिशवीत ठेवतात. त्याआधी पिशवीचे अस्तर तयार व्हावे म्हणून गोळ्या, नंतर गर्भ टिकावा म्हणून कित्येक आठवडे प्रोजेस्टेरॉन, बहुतेक वेळा इंजेक्शनने. एका वेळी एकच गर्भ ठेवायचा, खास परिस्थितीत तीनपर्यंत, आणि असे प्रयत्न जास्तीत जास्त तीन. पहिल्यांदा गर्भ धरेलच असे नाही. न धरला किंवा तिसऱ्या महिन्यात पडला तर काय, हे मी तिला विचारले. तिने ते विचारलेच नव्हते. उचल परत मागतील का, एवढीच तिला भीती.

आम्हा बीडच्या लोकांना उचल हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. दसऱ्याआधी मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता, सहा महिने फडावर, एक दिवस आजारी पडले तर खाडा, म्हणजे दंड, हंगाम संपला तरी काही अंगावर राहतेच. खाडा पडू नये म्हणून बायकांनी पिशव्या काढून घेतल्याच्या बातम्या २०१९ मध्ये देशभर गेल्या आणि सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी मी नोकरीत होते. तिशीच्या आतल्या बायकांचे रिपोर्ट हाताळले आहेत. पिशवी काढायला लावणारी आणि पिशवी भाड्याने मागणारी गरज एकच आहे. ही मुलगीसुद्धा मागच्या हंगामातली नवऱ्याची उचल फेडण्यासाठीच निघाली होती.

तिच्या मोबाइलवर डॉलरमधल्या जाहिराती होत्या. पन्नास हजार डॉलर, त्याहून जास्त. माझी भाची कॅलिफोर्नियात असते, तिला मी फोन लावला. तिथे पैसे घेऊन सरोगेट होणे कायदेशीर आहे, पण ते तिथे राहणाऱ्या बायकांसाठी. आणि पैसे तोंडी ठरत नाहीत. औषधे सुरू होण्याआधी करार लागतो, सरोगेट बाईचा वकील जोडप्याच्या वकिलाहून वेगळा असावा लागतो. पैसे तिऱ्हाइताच्या खात्यात ठेवून हप्त्याहप्त्याने देण्याची पद्धत आहे. गर्भ पडला तर काय, जुळे राहिले तर काय, सिझर झाले तर किती, हे आधीच लिहिलेले असते. तो आकडा दाखवून इकडे बायका गोळा करायच्या आणि त्या आकड्यामागचे संरक्षण मात्र काहीच द्यायचे नाही, हे मला सहन होत नाही.

मी पैसे घेण्याच्या बाजूने आहे का, असे वाचक विचारतील. पोटच्या व्यवहाराचा बाजार मला नको आहे. पण नऊ महिने आणि नंतरचे बाळंतपण यात जी मजुरी बुडते ती कोणी भरायची? परोपकार म्हणून जावेने जावेसाठी केले तरी तिच्या घरची चूल त्या काळात कशी पेटणार? केंद्र सरकारच्या नोकरीतल्या सरोगेट आईला केंद्राने २०२४ पासून १८० दिवसांची पगारी रजा दिली आहे. रोजंदारीवाल्या बाईला तशी रजा कोण देणार? संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने २०१७ मध्येच म्हटले होते की निव्वळ परोपकाराऐवजी सरोगेट आईला भरपाई मिळावी. ते मानले गेले नाही. निदान बुडालेली मजुरी, सकस आहार, प्रवास आणि घरच्या लेकरांना सांभाळण्याचा खर्च तरी नियमात आकड्यासकट लिहावा, म्हणजे देणारा चोरून देणार नाही आणि घेणारी दलालावर विसंबणार नाही.

तोवर, ज्यांच्यापर्यंत असा कागद आला असेल त्यांच्यासाठी: गर्भ ठेवण्याच्या आधी कधीही माघार घेता येते, तो तुमचा हक्क आहे. विमा आणि खर्चाची हमी जोडप्याकडून लेखी मागा. दडपण आले असेल तर पोलिसांकडे जायला भिऊ नका. उलट सिद्ध होईपर्यंत कायदा असेच धरून चालतो की नवऱ्याने, जोडप्याने किंवा नातेवाइकाने बाईवर जबरदस्ती केली. वकिलाचे पैसे नसले तरी चालेल, बाईला तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

आपल्या दैनिकाने हे सोप्या मराठीत, चौकट करून, ऊसतोडीला माणसे निघण्याआधी छापावे. आशाताईंच्या मासिक बैठकीत मी ते स्वतः वाचून दाखवीन.

मुलीने सही केलेली नाही. उचलीचे काय करायचे, हे तिने जाताना पुन्हा विचारले, आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. नवऱ्याला घेऊन रविवारी ये, मुकादमाचा हिशोब आपण मिळून बघू, असे मी सांगितले आहे. स्टॅम्पचा कागद माझ्याकडे ठेवून घेतला आहे. आपल्या वार्ताहराला पाहायचा असल्यास तिचे नाव झाकून दाखवीन.

आपली वाचक,
एक निवृत्त एएनएम,
ता. धारूर, जि. बीड