हेडन अठ्ठावन्नाव्या वर्षी निघाला होता

प्रिय बाळ्या,

तुझा मेसेज वाचला. आता साठीला आलो, इंग्रजी धड येत नाही, पोराकडे लंडनला येऊन करू काय, वगैरे. म्हणून म्हटलं नीट पत्रच लिहावं.

काल लेकीकडून निघून लंडनच्या सोहोतल्या ग्रेट पुल्टनी स्ट्रीटवर गेलो होतो. एवढीशी गल्ली आहे रे, पण १७९१ मध्ये हेडन, तो व्हिएन्नाकडचा मोठा संगीतकार, इथंच उतरला होता. जवळजवळ तीस वर्षं एस्टरहाझी नावाच्या सरदार घराण्यात नोकरी, अंगावर दरबारी गणवेश, कुठं जायचं तर मालकाची परवानगी. १७९० मध्ये मालक वारला, नव्या मालकाने ऑर्केस्ट्रा मोडीत काढला आणि हा मोकळा झाला. तेवढ्यात लंडनला कॉन्सर्ट भरवणारा सालोमन नावाचा व्हायोलिनवाला थेट व्हिएन्नाला येऊन धडकला, चला म्हणाला लंडनला. त्याचा तरुण संगीतकार मित्र मोझार्ट, त्याने काळजीने विचारलं म्हणे, की पापा, तुम्हाला एवढ्या भाषा कुठं येतात? तर हेडन म्हणाला, माझी भाषा जगभर कळते. (तुझी पेटी पण कळते, काय समजलास?)

त्याआधी त्याने समुद्रसुद्धा पाहिला नव्हता. बोटीवर सगळा वेळ डेकवरच उभा राहिला, डोळे भरून बघत. आणि लंडनला आल्यावर कटकट कसली, तर रस्त्यावरच्या फेरीवाल्यांच्या आरोळ्यांची. हे वाचून मला तुझीच आठवण आली.

गंमत ऐक. सालोमनच्या विरोधातल्या कॉन्सर्टवाल्यांनी हेडनच्याच शिष्याला, प्लेयेलला, मुद्दाम बोलावून समोर उभा केला. गुरु-शिष्यांचं काही बिनसलं नाही, दोघं एकत्र जेवायचे, पण हेडन इरेला पेटलाच. त्याच सीझनमध्ये, मार्च १७९२ ला, त्याची ९४ नंबरची सिंफनी (म्हणजे अख्ख्या ऑर्केस्ट्राची मोठी रचना) वाजली. संथ भागात अगदी बालगीतासारखी साधी चाल, मग तीच आणखी हळू, कान देऊन ऐकावं लागेल इतकी, आणि एकदम सगळा ऑर्केस्ट्रा नगाऱ्यासकट धाडकन! लोक म्हणतात झोपलेल्यांना उठवायला केलं, तो स्वतः म्हणायचा की तसं नाही, काहीतरी नवीन करून चकित करायचं होतं. मला दोन्ही खरं वाटतं.

मधे घरी जाऊन १७९४ ला पुन्हा लंडनला आला, म्हणजे बासष्टीत आलेला. दोन खेपांच्या मिळून बारा सिंफनी झाल्या, ९३ ते १०४. पुढच्या फेब्रुवारीत एका कॉन्सर्टला लोक त्याला जवळून बघायला पुढे सरकले, मधल्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, आणि नेमकं तिथंच वरचं झुंबर कोसळलं. कुणाला फारसं लागलं नाही. शेवटच्या कॉन्सर्टचे चार हजार गुल्डन (त्यांच्याकडचं चलन) मिळाले तेव्हा डायरीत लिहून ठेवलं, असं फक्त इंग्लंडमध्येच होऊ शकतं.

एकच वाईट वाटतं. पहिल्या खेपेला व्हिएन्नाहून निघताना मोझार्टला वाटत होतं आता भेट होणार नाही, हा म्हातारा ना. आणि वर्षभरात इथं लंडनलाच हेडनला बातमी आली, मोझार्ट गेला, पस्तिशीतच.

तर बाळ्या, पासपोर्ट रिन्यू कर. पेटीची काळजी नको, इथं एकाकडे आहे, भाता जरा गळतो, तू आलास की बघू.

तुझा,
नाना