समुद्राची बातमी शेतीच्या पानावर द्या

महोदय,

अटलांटिक महासागरात दक्षिणेचं उबदार, खारट पाणी उत्तरेकडे नेणारा मोठा प्रवाह (‘एमॉक’) मंदावत असल्याची बातमी आपण परदेशाच्या पानावर, खालच्या चौकटीत दिली. मराठवाड्याला समुद्रकिनारा नाही, पण इथला मृगाचा पाऊस समुद्रावरूनच येतो. त्यामुळे या विषयाला अधिक जागा मिळायला हवी होती.

‘हवामान हळूहळू बदलतंय, म्हणजे परिणामही हळूहळूच होतील’ हा समज त्या बातमीतही डोकावतो. मी अंबाजोगाईत भूगोल शिकवताना वर्गात एक प्रयोग करीत असे. मिठाच्या दाट पाण्यावर रंगीत गोडं पाणी अलगद ओतायचं. ते खाली जातच नाही, वरच थर धरून राहतं. ग्रीनलँडजवळ नेमका हाच धोका आहे. दक्षिणेकडून आलेलं खारट पाणी तिथे थंड होऊन बुडतं आणि बुडतं म्हणूनच प्रवाह चालतो. वितळलेल्या बर्फाचं गोडं पाणी मिसळलं की बुडणं कमी होतं. प्रवाह मंदावतो, मग दक्षिणेकडून मीठही कमी येतं आणि बुडणं आणखी घटतं. समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टोमेल यांनी १९६१ मध्येच दाखवलं होतं, की एका मर्यादेपर्यंत असा प्रवाह तग धरतो आणि ती ओलांडली की कोसळतो. नंतर गोडं पाणी थोडं कमी झालं, म्हणून तो लगेच पूर्ववत होत नाही.

हा प्रवाह सेकंदाला सुमारे १ कोटी ७० लाख घनमीटर पाणी वाहून नेतो, जगातल्या सगळ्या नद्यांच्या एकत्रित पाण्याच्या दहापटीहून जास्त. हिमयुगात तो मंदावला तेव्हा भारतातला मोसमी पाऊसही कमजोर पडल्याचे पुरावे आहेत. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या टंचाईचं खापर मी या प्रवाहावर फोडत नाही. पण पाऊस थोडा हटला तरी आपली काय गत होते, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

‘आयपीसीसी’ या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार हा प्रवाह या शतकात मंदावण्याची दाट शक्यता आहे, २१०० पूर्वी तो अचानक कोसळणार नाही, याची खात्री मात्र मध्यमच आहे. मला ती पुरेशी वाटत नाही. तापमानवाढ किती, एवढ्यावर भागत नाही, ती किती वेगाने होते हेही महत्त्वाचं, असं संगणकीय प्रारूपं सांगतात. तोच कार्बन सावकाश वाढला तर प्रवाह सावरू शकतो, झपाट्याने वाढला तर मोडू शकतो.

पेरणीच्या तोंडावर शेतीच्या पानावर बाजारभावाशेजारी एल निनो, हिंद महासागराचं तापमान आणि या प्रवाहाची स्थिती सोप्या मराठीत द्यावी, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई (जि. बीड)