सुई टोचायच्या प्रॅक्टिसचा रबरी हात चवथीआधी हवा! डायलिसिस नर्सेसच्या संघटनेचं आवाहन

नमस्कार,

दरवर्षीचंच पत्र म्हणून बाजूला ठेवू नका, प्लीज पूर्ण वाचा.

आपली संघटना सुरू झाली ती गोव्यात, बांबोळीला हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये, चहा-भज्यांवर. नाईट संपवून आलेल्या चार-पाच सिस्टर आणि सगळ्यांची एकच तक्रार, की कोर्सला डायलिसिस दोन पानांत संपतं आणि पोस्टिंग लागलं की मशीन पुढ्यात. अमेरिकेत किडनीच्या नर्सेस आणि टेक्निशियन 1969 लाच एकत्र आल्या, आपल्याकडे नर्सेसची देशपातळीवरची संघटना तर 1908 पासून आहे, मग आपण का नाही? तेव्हा मेट्रनबाईंनी रजिस्ट्रेशनचे पैसे स्वतःच्या पर्समधून काढले, परत घेतलेच नाहीत. म्हापशाच्या फार्मसीवाल्या भाऊंनी पहिल्या वर्कशॉपला सगळ्यांना जेवण घातलं, त्या शागुतीचा विषय अजून निघतो! आणि फोंड्याच्या एका कुटुंबाने, आपला पेशंट गेल्यावर, तेराव्याचा खर्च कमी करून आपल्याला प्रोजेक्टर दिला. तो आजही चालतो.

आता हाताचं. फिस्टुलावर (डायलिसिससाठी ऑपरेशन करून हातात धमनीला जोडलेली शीर) बोट ठेवलं की थ्रिल, म्हणजे थरथर, लागायला हवी, स्टेथोस्कोपने ब्रुई, म्हणजे रक्त वाहण्याचा आवाज, ऐकू यायला हवी, नसेल तर सुई घालायचीच नाही, आधी डॉक्टरांना फोन. हे पुस्तक वाचून येत नाही हो. पेशंट आठवड्यातून तीनदा येतो, चार-चार तास बसतो, दर वेळी दोन जाड सुया, नवीन मुलगी घाबरून त्याच मऊ जागी टोचत राहते कारण तिथे हमखास लागते, आणि मग तिथेच फुगा धरतो. तिने शिकायचं ते पेशंटच्याच हातावर का? म्हणून आत लाल पाणी फिरणारा रबरी हात घ्यायचाय.

गेल्या वर्षी हाच मेसेज टाकला तर अंगठे भरपूर आले, पैसे मोजक्यांचेच. 12 मे ला, नर्सेस डेचा केक कापताना मात्र फोटोत मावत नाही एवढे सगळे हजर. भांडायचं नाहीये, पण लागतं मनाला.

नवी बॅच चवथीनंतर लगेच आहे म्हणून पैसे त्याआधी, 500 पासून कितीही, जीपे खजिनदारांना (नंबर ग्रुपवर पिन केलाय), स्क्रीनशॉट नक्की पाठवा नाहीतर कोणाचे ते कळत नाही, कॅश मीटिंगला दिली तरी चालेल, पावती मिळेल, टॅक्स सवलतीचे (80जी) कागद अजून व्हायचेत. एक्स्पायरी झालेल्या पॅकबंद सुया-ट्यूबिंगपण द्या, फक्त प्रॅक्टिसला, वापरलेलं काही नको. काणकोण-पेडणेवाल्यांनी फोन करा, कोणीतरी येऊन नेईल.

– सेक्रेटरी