पार्लरवाल्या ताई, तुमचे मनापासून आभार

ताई, त्या दिवशी मी नुसत्या आयब्रो करायला आले होते. तुम्ही दोरा धरून वाकलात आणि मधेच थांबलात, म्हणालात डोळ्याच्या कोपऱ्यात हे पिवळं काय आहे गं, किती दिवस झाले? तूरडाळीएवढे दोन चपटे डाग, मी कन्सीलर लावून झाकायचे. तुम्हाला एखादी क्रीम गळ्यात मारता आली असती, पण तुम्ही सरळ सांगितलंत, हे क्रीमचं काम नाही, आधी लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्ट्रॉलची रक्ततपासणी करून ये.

एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल, 228 आलं! वय 33, वजन 52 किलो, शुगर नाही बीपी नाही, घरात सगळे म्हणाले लॅबवाल्यांचंच चुकलं असेल, बारीक माणसाला कुठं कोलेस्ट्रॉल असतं. डॉक्टरांनी मात्र पहिलाच प्रश्न विचारला, घरात कमी वयात कुणाला अटॅक आला होता का. माझे पप्पा 44 व्या वर्षी गेले ताई, आणि इतकी वर्षं आम्ही टेन्शनमुळे गेले असंच समजत होतो.

माझ्यासारखं हे आनुवंशिक जास्त कोलेस्ट्रॉल आईकडून नाहीतर वडिलांकडून येतं, साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला असतं, लिव्हर रक्तातलं एलडीएल उचलायला कमी पडतं म्हणून ते लहानपणापासून साठत जातं आणि दुखत-खुपत काहीच नाही. (असे डाग असलेल्या बऱ्याच जणांचा रिपोर्ट नॉर्मलही येतो, पण तपासल्याशिवाय कळणार कसं?) मी तर तेलाच्या डब्यावर कोलेस्ट्रॉल फ्री वाचून निर्धास्त होते, खरं तर शेंगदाण्याचं काय, करडईचं काय, कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्ट्रॉल नसतंच. तळण कमी केलं, चालते रोज, पण माझ्यासारखीला नुसत्या पथ्याने भागत नाही, स्टॅटिन, म्हणजे कोलेस्ट्रॉल कमी करणारी गोळी, लागतेच.

तीन महिन्यांनी 112 आलं आणि मी शहाणपणा करून गोळी बंद केली. तेव्हाही तुम्हीच फेशियल करता करता विचारलंत, गोळी चालू आहे ना? मी नाही म्हटल्यावर केवढ्या रागावलात, अगं गोळी घेतेस म्हणून तर रिपोर्ट चांगला आला! दुसऱ्या दिवशीपासून परत सुरू केली.

भावाचंही रक्त तपासलं, त्याचं 204 निघालं, त्यालाही आता गोळी चालू आहे. माझे डाग अजून आहेत, गोळीने ते जातीलच असं नाही म्हणतात, पण आता मी ते झाकत नाही. पुढच्या महिन्यात लेकीची तपासणी आहे, ती 9 वर्षांची आहे, रिपोर्ट घेऊन आधी तुमच्याकडेच येते.